लिमलेटची गोळी

आमच्या न्हावरे गावच्या दूध डेअरीवर एक बाई फॅट बघायला बसते. मधेच ती लहान पोरीच्या आवाजात गोळी मागते, आणि मागाहून तिला त्यातलं काहीच आठवत नाही. तिच्या अंगात येतं असं वाटत होतं, तोवर बायका ओटी भरून तिच्या पाया पडायच्या. पुण्याच्या डॉक्टरांनी हा आजार आहे म्हणून सांगितलं, तेव्हापासून त्याच बायका म्हणतात, "नाटकं हायेत!" खरंखोटं मलाही कळत नाही.

काल संध्याकाळी दूध घालून निघाले, तर तिनं हळूच विचारलं, "वहिनी, सकाळी ती पोरगी आली व्हती का?"

"व्हय."

"कुणी गोळी दिली तिला?"

मी रिकाम्या किटलीचं झाकण लावलं. तिनं लिमलेटची गोळी माझ्या हातावर ठेवली.

"परत आली की द्या. मला न्हाई देता येत."