असं म्हणजे कसं?

व्यायामाच्या सरांनी बावीस वर्षं शाळेतल्या पोरांना कवायत शिकवली, ती एकाच शब्दावर. आपले हात वर करायचे, ‘असं!’ म्हणून ओरडायचं, की समोरचे साठ हात वर. अंध मुलांच्या शाळेत बदली झाली तेव्हा पहिल्याच तासाला त्यांनी छाती काढून हात वर केले आणि गरजले, "असं!"

कुणी हललं नाही. मग रांगेच्या टोकाकडून बारीक आवाज आला, "सर, असं म्हणजे कसं?"

दुपारपर्यंत सरांचं नाव ‘असंसर’ पडलं, ते कायमचं चिकटलं.

सर मुळात तापट. घरी जाऊन त्यांनी राग काढला बायकोवर. तिने ऐकून घेतलं आणि डोळ्यांवर रुमाल बांधून समोर उभी राहिली. "हं, शिकवा मला." अर्ध्या तासात एक तांब्या कलंडला, स्टुलाला पाय लागला, आणि सरांना कळून चुकलं, की बावीस वर्षं आपण नुसतं दाखवत आलो, सांगितलं काहीच नाही. टाच उचल, भार अंगठ्यावर घे, गुडघा सैल सोड, असले शब्द त्यांच्या तोंडात पहिल्यांदाच आले.

तो प्रश्न विचारणारी पोरगी नऊ वर्षांची. सगळे तिला ‘रेडिओ’ म्हणत, कारण भीती वाटली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आणि चालताना तिला भीती वाटायचीच. पाय उचलायची नाही, घासत न्यायची. घर तिसऱ्या मजल्यावर. एकदा जिन्यावरून पडली, दात तुटला, तेव्हापासून आई तिला कडेवर घेऊनच चढायची-उतरायची. आईची कंबर पार कामातून गेली होती. शाळेतही जिने होतेच. आई सरांना म्हणाली, "मी हिला घरीच ठेवते. इथे पुन्हा पडली तर?"

"तीन महिने द्या," सर म्हणाले. "शाळेचा जिना एकटी उतरली नाही, तर दाखला मी स्वतः काढून आणून देतो." पोरगी घरी बसली की कायमची बसणार, हे त्यांना दिसत होतं.

सर कामाला लागले. जमिनीवर जाड दोरी चिकटवून तिच्यावरून अनवाणी चालायचं, पलीकडे सर टाळ्या वाजवणार. सर गुडघा वाकवून उभे राहिले की पोरं त्यांची मांडी, पोटरी चाचपून बघायची, आणि एखादं हळूच गुदगुल्याही करायचं. मग ज्याने-त्याने एका पायावर उभं राहून आकडे मोजायचे. रेडिओचा तोल पहिल्या आठवड्यात दोन आकड्यांत गेला. तिसऱ्या महिन्यात ती सत्तावीसपर्यंत पोचली, तेही अखंड बडबडत.

ठरल्या दिवशी आई जिन्याखाली उभी राहिली. अठरा पायऱ्या. सर वर. पोरीने कठड्याला हात लावला आणि बोलत बोलत उतरू लागली. नवव्या पायरीवर रेडिओ एकदम बंद झाला. सरांनी पुढे गेलेला हात ओढून खिशात कोंबला. मग त्यांना कठड्यावर टकटकणारं तिचं बोट दिसलं. ती मनात मोजत होती. दहा. अकरा.

खाली आईला राहवलं नाही. दोन्ही हात पसरून ती ओरडली, "ये बाळा, अशी ये, असं, असं!"

पोरगी थांबली. "आई, असं म्हणजे कसं?"

आईचे हात तसेच राहिले. तिने वर सरांकडे पाहिलं. सरांनी हवेतच टाळीची खूण केली. मग ती दोन पावलं मागे सरली आणि रडत रडत टाळ्या वाजवू लागली. त्या आवाजावर पोरगी उतरली. पाय उचलून, टाच टेकवून, अठराच्या अठरा. सवयीने आई तिला उचलायला वाकली, तर ती म्हणाली, "राहू दे, कंबर दुखेल."

"सर, तो दाखला नको हं," आई डोळे पुसत म्हणाली.

सरांचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच, सगळ्यात वरच्या पायरीवर, मटकन बसले.

"असंसर, उतरा ना खाली!" रेडिओ पुन्हा सुरू झाला होता.

"थांब गं जरा," सर म्हणाले, "माझाच गुडघा सैल पडलाय."