थाळीतली मतं

उग्रसेन गौंतिया हा केंदुपाली गावचा मुखिया. गाव त्याच्या शब्दाबाहेर जात नसे, आणि तेच नडलं.

संस्थानं ओडिशात विलीन झाली, तेव्हा त्या भागातल्या राजांनी मिळून एक पक्ष काढला. केंदुपाली ज्या संस्थानात होतं, त्या सोनखलाचे राजेही पहिल्या निवडणुकीला उभे राहिले. प्रचाराला ते गावात आले ते पायी, हात जोडून. गाव लोटांगण घालतंय आणि राजा गावाला नमस्कार करतोय! उग्रसेनला ते बघवलं नाही. घरी येऊन तो पाण्यात भिजवलेल्या पखाळ भाताला शिवलासुद्धा नाही.

"मणिमांनी, आपल्या राजांनी, माझ्यापुढं हात जोडले गं," तो बायकोला, सेबतीला म्हणाला. "आता एक मत जरी दुसरीकडं गेलं, तर मी तोंड दाखवायचा नाही."

"मग मला काय सांगताय? गावाला सांगा की!"

मतदानाच्या दिवशी केंद्रावरच्या सरकारी बाबूनं उग्रसेनच्या हातात मताचा कागद दिला आणि त्याला पडद्याआड धाडलं. आत बघतो तर ओळीनं पत्र्याचे डबे, प्रत्येकावर एकेक चित्र. राजांच्या पक्षाचं चित्र त्यानं ओळखलं. पण राजाला द्यायची वस्तू अशी अंधारात, डब्यात टाकायची? नुआखाईच्या सणाचे नवे तांदूळ असोत की झाडाचा पहिला आंबा, राजाची भेट थाळीत ठेवून, समोर उभं राहून, दोन्ही हातांनी द्यायची. टाकतात ते भिकाऱ्याला. त्यानं कागद पागोट्यात खोवला आणि बाहेर येऊन रांगेतल्यांच्या कानात सांगितलं. गाव भलतंच आज्ञाधारक. सगळ्यांनी तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत गाव राजवाड्यावर गेलं. पितळी थाळीत तांदूळ, नारळ आणि कागदांची चळत. राजे ओसरीवर पक्षाच्या वकिलाशी बोलत होते. थाळी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अरे गाढवांनो, हे पेटीत टाकायचं..." वकील ओरडला.

"वकीलबाबू, गप बसा." राजांनी उठून थाळी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "पोचलं रे मला, उग्रसेन."

गाव नाचत परतलं. निकालात राजे हरले, आणि हरले तेही थाळीतल्या कागदांपेक्षा कमी मतांनी. वकिलानं भरबाजारात हे उग्रसेनला सुनावलं. तो तसाच राजवाड्यावर धावला आणि पायांवर पडून लहान मुलासारखा रडला.

"मणिमा, मी बुडवलं तुम्हाला."

"तू नाही रे," राजे म्हणाले. "पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तुम्हाला हुकूम दिले. शिकवलं काहीच नाही."

राजे पुढं कलकत्त्याला गेले ते तिकडचेच झाले. वर्षा-दोन वर्षांत ते वारल्याची बातमी आली. उग्रसेननं मुंडण केलं. मुखियाची पगडी त्यानं पुतण्याला देऊन टाकली.

पुढच्या निवडणुकीला त्या पक्षातर्फे तोच वकील उभा राहिला. उग्रसेन पडद्याआड गेला आणि लगेच बाहेर आला.

"झालं का आजोबा? नीट पेटीत टाकलंत ना?" बाबूनं विचारलं.

"टाकलं, बाबू. शिकलो आता," उग्रसेन म्हणाला. "पण ज्यांना द्यायचं होतं, ते राहिले नाहीत."