करकरणारा जोड

माझा धाकटा भाऊ कमिटीचा मेंबर झाला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? त्याला अक्षरं मी शिकवली. चामड्यावर खडूनं गिरवून घेतली होती, दुकानात बसून.

राज्य साहेबाचं होतं. अस्पृश्यांच्या वस्तीतला एक माणूस शहराच्या कमिटीवर नेमायचा होता, म्हणून साहेब स्वतः आमच्या दुकानात आला. वस्तीत लिहिता-वाचता येणारे आम्ही दोघेच, त्यात मी थोरला. पण चांभाराची नजर आधी कुठे जाते? साहेबाच्या बुटाची टाच एका बाजूनं झिजली होती. तो विचारत होता आणि मी त्या टाचेकडं बघून उत्तरं देत होतो. धाकट्यानं मात्र सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. झालं! मेंबर तो, आणि मी आपला आरी घेऊन तिथंच.

वर रोज बायकोचं चालूच. "भावजी काय छान बोलतात हो!" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आमच्या वस्तीला नळ नव्हता, बायका मैलभर पाण्याला जायच्या. त्या नळाची मागणी त्यानं कमिटीत लावली होती. तीन सभा झाल्या, त्याची पाळी काही येईना. तरी वस्तीत त्याचाच उदोउदो. चौथ्या सभेसाठी त्यानं माझ्याकडं नवा जोड मागितला. म्हटलं, थांब, जिरवतोच तुझी. तळाच्या दोन थरांत कातडं भिजवून घालायचं असतं. मी कोरडंच घातलं. कोरडं घातलं की जोडा पावलागणिक करकरतो. सगळे मेंबर हसतील, एवढंच मला हवं होतं.

हसं बघायला मी सभेच्या दिवशी व्हरांड्यातल्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. सतरंजी सगळ्यांच्या खुर्च्यांखाली होती. त्याची खुर्ची तेवढी दाराशी, उघड्या फरशीवर. ते बघून मला बरं वाटलं नाही, पण गेलोही नाही.

त्याचं नाव यादीत शेवटी. ते पुकारलं तोवर मेंबर कागद गुंडाळून गप्पा मारत उठले होते. अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या सभेत बघू."

धाकटा उठला. कर्र, कर्र. फरशीवरून अध्यक्षांच्या टेबलाकडं निघाला. कुणीतरी खो खो हसलं, मग सगळ्या माना वळल्या. तो मुद्दाम सावकाश चालत राहिला. हसणं थांबलं, सभा चिडीचूप झाली.

"जोड्याचं ऐकलंत," तो म्हणाला, "आता माझं ऐका."

उठलेले पुन्हा खाली बसले. दोन मतांनी नळ मंजूर झाला.

संध्याकाळी तो दुकानात आला. जोड काढून माझ्यापुढं ठेवला. "दादा, कातडं कोरडं घातलंस ना?"

तोही चांभाराचाच पोरगा, पहिल्या पावलालाच ओळखलं असणार. माझी मान वर होईना. नजर त्याच्या पायांवर, दोन्ही टाचांना फोड आले होते.

"पुढच्या सभेला शाळेचा विषय आहे," तो म्हणाला. "हा जोड चावतो. दुसरा कर. पण वाजला पाहिजे."

मेला, माझी खोडीसुद्धा त्यानं स्वतःच्या कामाला लावली! जळफळत मी आरी उचलली. टाचेला मऊ अस्तर लावलं. तळाचं कातडं मात्र भिजवलं नाही.