विळीचं सोनेरी पातं

एमएस्सीच्या प्रकल्पात मी पोलादावर टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर देत असे. ते पोलादापेक्षा कितीतरी कठीण, गंजायचं नाव नाही. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच, त्यामुळे मी सांगेन त्याला सगळे आदराने माना डोलवत. या थराचा रंग सोन्यासारखा असतो, एवढं मात्र सांगायचं राहिलं.

खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने आमच्या विळीचं पातं सारखं गंजायचं. माझ्यासाठी खस्ता खाल्लेल्या आईच्या हाताला माझ्या शिक्षणाचा रोज काहीतरी उपयोग व्हावा, अशी माझी फार इच्छा. सरांना विचारून मी एका नव्या पात्यावर थर दिला आणि सुट्टीत घरी नेलं.

आईने कागद उघडला आणि आधी उठून दार लावलं.

"सोन्याचं हाय?"

"नाही गं, टायटॅनियम—"

"हळू बोल!"

पातं लग्नाच्या शालूत गुंडाळून कपाटात गेलं. बोंबील जुन्याच पात्याने कापले जाऊ लागले. मी रोज समजावत होते, पण आमच्याकडेच राहणारी आत्या मधे पडायची. "वहिनी, हिला शिकवलंस, पण अक्कल न्हाय आली. एवढ्या सोन्याच्या पाटल्या झाल्या असत्या!"

शेवटी आम्ही तिघी तळा गावातल्या सोनाराकडे गेलो. पातं डब्यात, वर भाकऱ्या.

सोनाराने ते कसोटीच्या काळ्या दगडावर घासलं. सोनं असतं तर पिवळी रेघ उमटली असती. इथे दगडावरच चरा पडला. त्याने जोर लावून पुन्हा घासलं. दुसरा चरा.

"अहो, माझी कसोटी खरवडली की यानं!"

"काका, भिंग द्या ना जरा!" मी आनंदाने ओरडले. "बघा, थर कुठेच उडालेला नाही!"

"बाई, आधी हे उचला."

"पितळ असंल," आत्या पुटपुटली.

"पितळ असं वागत न्हाय," सोनार म्हणाला.

आईने मात्र त्याला दोनदा विचारलं, "नक्की सोनं न्हाय ना?"

"अजिबात न्हाय."

"चला, सुटले!"

येताना तिने मांदेली घेतली. घरी आल्या आल्या पातं विळीला बसवलं, पाय दुमडून बसली आणि भराभर डोकी उडवू लागली. मी पात्याकडेच बघत होते.

"धार चांगली हाय," ती मान वर न करता म्हणाली. "पण तुझ्या सरांना सांग, रंग तेवढा साधा द्या."