टोपी पडली की वळण नापास

मापकाकांना टेप लागायची ती केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत त्यांनी त्याची छाती, कंबर आणि स्वभाव मनातल्या मनात मोजून ठेवलेले असत. "पोट आत ओढू नका, सदरा घरी गेल्यावर घालायचाय," असं ते भल्याभल्यांना ऐकवायचे. अशा हिशेबी शिंप्याने उतारवयात ड्रायव्हिंग शिकून गाडी घेतली, तेव्हा गल्लीला वाटलं, काका बिघडले.

गाडी तशी गरीबच. स्वस्तातली, आटोपशीर, पण डिकीवाली. मागून सपाट कापलेल्या गाड्या काकांना बघवत नसत. "पाठीला कापड कमी पडलेला कोट दिसतो तो," असं त्यांचं मत. गल्लीने गाडीची रीतसर तपासणी केली. एकाने दार आपटून पत्रा पातळ ठरवला. दुसऱ्याने अ‍ॅव्हरेज विचारलं आणि उत्तर ऐकून, थापा मारा पण बेताने, असा चेहरा केला. तिसऱ्याने वाकून पोट पाहिलं आणि गतिरोधकावर घासणार असं भविष्य वर्तवलं, ते त्याच संध्याकाळी खरं झालं. औषधांच्या दुकानातल्या वहिनींनी मात्र गाडीला हातही लावला नाही. गोळ्यांपेक्षा बातम्यांचा खप जास्त असलेल्या त्या बाईंनी एवढंच विचारलं, "काकूंना तर गाडी लागते. मग ही कुणासाठी?"

प्रश्न बिनतोड होता. काकूंना गाडी लागायची, तीही साधीसुधी नाही. बस लागायची, टॅक्सी लागायची, झोक्यावर बसलेलं मूल दिसलं तरी त्या तोंड फिरवून घ्यायच्या. दुकानातली काजं-बटणं आणि हातशिलाई त्यांच्याकडे असे. घर ते दुकान पायी, दुकान ते घर पायी, आणि मधे पायमशीन. एवढ्यात त्यांचं जग मावलेलं होतं, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. एक सोडून.

त्यांची थोरली बहीण डोंगरावरच्या गावात राहायची. ताईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्या खाली उतरू शकत नव्हत्या. वर जायचा रस्ता सगळा वळणावळणांचा, त्यामुळे काकू चढू शकत नव्हत्या. कितीतरी वर्षं दोघी फोनवरच भेटत होत्या. दुखणीखुपणी, भाजीचे भाव, शेजारणींच्या कागाळ्या, फोनवर सगळं व्हायचं. "फक्त वेणी घालता येत नाही गं फोनवर," ताई एकदा म्हणाल्या होत्या. लहानपणी आई कामावर जायची, तेव्हा धाकटीची वेणी ताईच घालायच्या. ते ऐकून काकूंनी फोन ठेवला आणि दुपारभर एकाच शर्टाला काजं करत बसल्या. शेवटी काकांनी शर्ट काढून घेतला. बटणांपेक्षा काजं जास्त झाली होती.

गाडी आली ती त्या शर्टानंतर. "तुला ताईकडे नेणार," काका म्हणाले.

"न्या की," काकू म्हणाल्या. "पहिल्या वळणावर मला उतरवा, तुम्ही वर जाऊन या, माझा नमस्कार सांगा."

गिऱ्हाईक कापडाला नावं ठेवतं तेव्हा काका वाद घालत नसत, शिवून दाखवत. इथेही त्यांनी तेच ठरवलं.

मग गल्लीत एक बातमी फिरली. दुकान बंद असण्याच्या दिवशी, भर दुपारी, काका गाडी घेऊन टेकडीच्या रस्त्याला जातात. एकटे नाही. शेजारच्या सीटवर बाई असते. निळा ब्लाउज, खांद्यावर शाल, डोक्यावर उन्हाची टोपी. काका तिच्याकडे सारखं बघतात, आणि ती मात्र ढिम्म, मान वळवत नाही.

"मी स्वतः पाहिलं नाही, खोटं कशाला बोलू," औषधवाल्या वहिनी काकूंना म्हणाल्या, "पण पाहणारीचे डोळे चांगले आहेत. बाई अंगाने भरलेली आहे म्हणे. आणि बसण्यात एक रुबाब."

"मला डोकेदुखीची गोळी हवी होती," काकू म्हणाल्या.

"दोन घ्या. लागतील."

काकू गोळी न घेता घरी आल्या. काका वामकुक्षीत होते, गाडीची किल्ली खुंटीला होती. काकूंनी खाली जाऊन आधी सीट हुंगली, तिथे शिंप्याच्या खडूचा वास. मग डिकी उघडली. आत बाई आडवी झोपली होती.

दुकानातला जुना पुतळा होता तो. डोकं नसलेला, मानेच्या जागी लाकडी खुंटी असलेला. निळा ब्लाउज काकूंचाच, शालही त्यांचीच, आणि टोपी ती, जी हरवली म्हणून त्यांनी काकांना बोल लावला होता. पण काकूंचं लक्ष भलतीकडेच गेलं. पुतळ्याला कापसाचे थर गुंडाळून अंग दिलं होतं, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. आयुष्यभर वाकून काजं करता करता काकूंचा डावा खांदा उतरला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पदर त्या बाजूला जरा फुगवून घेत असत, म्हणजे दिसत नसे. दिसत नसे, असा त्यांचा समज होता.

त्या खांद्यावर हात ठेवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वर येऊन काकांना हलवून उठवलं.

"अहो, डिकीत मी काय करतेय?"

काका उठून बसले. पकडलेल्या पोराचा चेहरा त्या वयात कुणाला शोभत नाही, त्यांना थोडा शोभला. "सराव," ते म्हणाले. "तुला शेजारी बसवायचं आणि वळण घ्यायचं. टोपी पडली की वळण नापास. ही गाडी बसायला मऊ आहे, पण वळणावर सैल कच्च्या टाक्यासारखी डुलते. फार हळुवार घ्यावी लागते. आता सबंध टेकडी उतरलो तरी टोपी जागची हलत नाही."

"गल्ली म्हणते, तुम्ही बाई फिरवता."

"बाईच फिरवतो. माप घेऊन बघ."

काकू हसल्या, आणि जायला तयार झाल्या. काकांनी तेवढ्यासाठी रबरी अस्तराच्या चार कापडी पिशव्या शिवल्या, काठाला गोट लावून, तोंडाला नाडी ओवून. उलटीच्या पिशवीला गोट लावणारा शिंपी दुसरा झाला नसेल.

निघाले. काकांनी गाडी अशी चालवली की मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्नवर सगळी भडास काढली. सपाटीवर काकू गप्पा मारत होत्या. घाट लागला आणि त्यांचं बोलणं थांबलं. दुसऱ्या वळणाला पहिली पिशवी लागली, चौथ्याला दुसरी. पुतळ्याला पोट होतं, पण पोटात काही नव्हतं, हे काकांच्या मापातून सुटलं होतं.

गाडी कडेला लावली. काकू दगडावर बसल्या, काकांनी ओंजळीत पाणी दिलं. वर ताईंचं गाव दिसत होतं, पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती. इतकं जवळ की कुणी छपरावर उभं राहिलं तर हात केलेला दिसावा.

"माझंच चुकलं," काका म्हणाले. "तुला उगीच आशा लावली."

काकूंना मळमळीपेक्षा त्या आवाजाचा जास्त त्रास झाला. त्यांनी तोंड पुसलं आणि सहज विचारलं, "तुम्हाला कसं काही होत नाही हो? याच रस्त्यावरून तुम्हीही चाललाय."

"माझ्या हातात चाक आहे ना. वळण येणार ते अंगाला आधी कळतं. तुझ्यावर ते अचानक येऊन आदळतं."

काकू गाडीकडे बघत राहिल्या. काज कुठे करायचं ते ठरवताना बघायच्या, तशा.

"मग मला कळू द्या की आधी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही माझ्या सीटवर बसा."

त्या दिवशी अर्थातच परतावं लागलं. काकांनी ताईंना फोन लावून दिला. ताई म्हणाल्या, "बरं. मी काही कुठे जात नाहीये," आणि काकू फोन धरूनच रडल्या. पण पुढच्याच आठवड्यात शिकवणीची पाटी लावलेल्या गाडीत चाकामागे बसलेल्या काकू गल्लीने पाहिल्या आणि औषधवाल्या वहिनींचं दुकान दुथडी भरून वाहिलं. शिकवणारा घाबरत बसला होता, तो थोड्याच दिवसांत सैलावला. "बाई, क्लचवर पाय इतका हलका कसा?" त्याने विचारलं. जन्मभर पायमशीन चालवून रेशमावर एक टाका मागे नाही की पुढे नाही असं मशीन थांबवणारा पाय तो. गिअर मात्र त्या हातशिलाईच्या सुईसारखा चिमटीत धरत, ते काही सुटलं नाही.

लायसन्स मिळालं तशी गाडी पुन्हा निघाली. या वेळी काका शेजारी, मागच्या सीटवर पट्टा बांधून पुतळा. "मी काही हिला घरी ठेवणार नाही," काकू म्हणाल्या, "इतकी मेहनत घेतलीये बिचारीने."

घाट आला. काकूंनी पदर खोचला, ओठ मिटले आणि पहिलं वळण घेतलं. दुसरं घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. चौथ्या वळणाला शेजारून क्षीण आवाज आला.

"जरा थांबवतेस का?"

काका पांढरेफटक पडले होते. काकूंनी सावकाश गाडी कडेला घेतली आणि गोट लावलेली पिशवी पुढे केली. "शिलाई चांगली आहे," त्या म्हणाल्या. "निर्धास्त वापरा." मग त्यांची पाठ चोळत बसल्या. मागे टोपी जागच्या जागी होती.

ताई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. गाडी थांबली, चाकामागून धाकटी उतरली, आणि ताईंना आधी खरंच वाटेना. फोनवर सगळं बोलून झालेलं होतं. ताईंनी तिचे दोन्ही दंड धरले, चेहरा पाहिला, मग गाडीकडे नजर टाकली.

"कशी आहे गं?"

"चढाला रडते," काकू म्हणाल्या, "पण पोचते."

"आणि हे असे पिवळे का?"

"त्यांना गाडी लागते."

काका मुकाट्याने ओट्यावर जाऊन आडवे झाले. डोळे मिटता मिटता त्यांना दिसलं ते असं. ताईंनी फणी मागवली, काकू खालच्या पायरीवर ताईंकडे पाठ करून बसल्या, आणि म्हातारे हात त्यांच्या विरळ, पांढऱ्या केसांचे तीन पेड करू लागले. मधेच ताईंचा हात थांबला. त्यांनी धाकटीच्या उतरलेल्या डाव्या खांद्यावरून अंगठा फिरवला.

"हे कधी झालं?"

"झालं हळूहळू," काकू म्हणाल्या. "घट्ट घाल गं. मला परत गाडी चालवायची आहे."