रावसाचे सात वाटे

समुद्राच्या पाण्यात गांडूळ टिकत नाही, हे मला बी.एस्सी. झाल्यानंतर कळलं.

मी विक्रमगडच्या बाजूच्या एका पाड्यावर वाढलो. आमच्याकडे ओहोळावर मासे धरायचे म्हणजे बांबूची काठी, दोरा, गळ आणि उकिरड्याखालची गांडुळं. पुढे बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथे शेजारच्या टेबलावर मुरब्याचा एक मुलगा होता, माझ्याच वयाचा. पहिल्याच महिन्यात त्याने मला रविवारी किनाऱ्यावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला बोलावलं. मी आदल्या दिवशी खोलीमागची ओली माती उकरली आणि डबाभर गांडुळं घेऊन गेलो. त्याने डबा उघडून पाहिला आणि वाळूवर बसून हसत राहिला. खारं पाणी लागताच गांडूळ आक्रसून गेलं. मग त्याने खिशातून कोळंबीची पुडी काढली आणि एकेक कोळंबी गळाला कशी ओवायची ते दाखवलं. सोमवारी सगळ्या प्रयोगशाळेला गांडुळांची गोष्ट ठाऊक झाली होती.

त्यानंतर आमचे बरेच रविवार किनाऱ्यावर गेले. मुरब्याच्या उत्तरेला सुरूचं बन संपलं की पुढे एक लांब, रिकामा किनारा लागतो. तिथे फिरायला कोणी येत नाही, कारण गाडी अर्ध्या वाटेवर एका वाडीत लावून पुढे वाळूतून चालावं लागतं. मित्राकडे ऑनलाइन मागवलेली काठी आणि रीळ होतं. मला मात्र त्याने त्यांच्या घरची पद्धत शिकवली: प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळायचा, टोकाला शिसं आणि वर दोन गळ बांधायचे, डोक्यावर गरगर फिरवून सोडून द्यायचं, आणि मग तंगूस बोटावर घेऊन उभं राहायचं. लाट ओढते ते वेगळं, खेकडा कुरतडतो ते वेगळं आणि मासा धरतो ते वेगळं. हे तिन्ही बोटाला कळायला मला सहा महिने लागले. तोवर मी बहुतेक वेळा शिंगाळे, म्हणजे मिशांचे काटेरी मासेच काढले. खोलीवरचा बिहारचा सोबती दर रविवारी पिशवीत डोकावून विचारायचा, “आज भी मूँछवाली?”

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. आश्रमशाळेतून मी पालघरच्या कॉलेजात आलो तेव्हा बसमधून समुद्र दिसतो का म्हणून खिडकीकडे बसायचो. तो तिथून दिसत नाही, पण वर्षभर कोणाला विचारायचं मला धाडस झालं नाही. म्हणून या मित्राचे उपकार मी मोठे मानतो. त्याने मला समुद्राची ओळख करून दिली आणि हसला तरी कधी हिणवलं नाही.

त्याची बहीण पालघरला औषधांच्या दुकानात कामाला होती. आमची ओळख त्यांच्या ओट्यावर मासे साफ करताना झाली. शिंगाळ्याचा काटा माझ्या तळहातात मोडला होता आणि तिने तो मुकाट्याने काढून दिला होता. पुढचं सविस्तर सांगत नाही. दीड वर्षाने आम्ही दोघांनी लग्न करायचं ठरवलं, तिने ते आईला सांगितलं आणि आईने वडिलांना.

तिचे वडील तांडेल. तीस वर्षं स्वतःची बोट चालवलेला माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मुलगा शिकलेला आहे, नोकरी आहे, हे दिसतंच आहे, असं ते म्हणाले. पण डोंगरातला माणूस, त्याची रीत आपल्याला ठाऊक नाही; मुलगी द्यायची तर माणूस कळला पाहिजे. आणि त्यांच्या मते माणूस कळायला दोनच जागा होत्या, बोटीवर किंवा गरवताना. बोट इंजिनच्या कामासाठी किनाऱ्यावर ओढलेली होती. तेव्हा येत्या रविवारी मला गरवायला न्यायचं ठरलं. त्यानंतर ते हो किंवा नाही काय ते सांगणार होते. “एकदा बाबा नाय बोलले की मग आई पण त्यांना बदलू शकत नाय,” मित्राने मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. त्या आठवड्यात माझ्या हातून प्रयोगशाळेतल्या दोन काचेच्या नळ्या फुटल्या.

थंडीचे दिवस होते. आम्ही पाच जण निघालो: तांडेल, काकी म्हणजे मित्राची आई, मित्र, मी आणि तांडेलांच्या बोटीवरचा एक जुना खलाशी. या खलाशीकाकांना शांत बसवत नसे. मला ते पहिल्यापासून बीएस्सीच म्हणत. मित्राची बहीण दुकानात ड्युटीवर होती. मोटारसायकली आम्ही नेहमीच्या वाडीत लावल्या. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने हात वर केला आणि पुन्हा झाडांना पाणी सोडायला वळला.

किनाऱ्यावर पोचल्यावर तांडेलांनी बोटांच्या पेरांवर तिथी मोजली. पुनवेला साडेबाराची भरती, मग रोज पाऊण तास पुढे; पुनव होऊन तीन दिवस झालेले. मला म्हणाले, “तुझा फोन काय बोलतो?”

मी बघून सांगितलं, भरती दोन वाजून पन्नास मिनिटांनी.

“मंग बरोबर हाय फोन,” ते म्हणाले.

सकाळी ओहोटी होती. काकी खडकांवर कोयत्याने कालवं फोडत होत्या आणि मी त्यांची टोपली धरून मागे फिरत होतो. मनोरच्या बाजारात त्या पूर्वी सुकट आणि सुके बोंबील घेऊन यायच्या, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आमच्याकडच्या बायका बदल्यात भात द्यायच्या. “तुझी आई पण असंल त्यात,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बायका माप लय चांगलं घालायच्या. शिगेला वर मूठभर जास्तच.” मला एवढं बरं वाटलं की मी टोपली घेऊन शेवाळावर घसरलो आणि अर्धी कालवं पाण्यात गेली.

“बीएस्सी, तो समुद्र हाय,” लांबून खलाशीकाका म्हणाले. “त्याला कालवं देऊ नको, त्याच्याकडं हायत.”

मग भरती लागली. आम्ही चौघे अंतर ठेवून गुडघाभर पाण्यात उभे राहिलो. तांडेल माझ्या शेजारी होते. ते माझ्या हाताकडे बघतात की माझ्याकडे, ते मला कळत नव्हतं. हवा स्वच्छ होती, उत्तरेला तारापूरच्या अणुकेंद्राच्या इमारती दिसत होत्या. दोन तासांत मित्राला एक बोय मिळाली, खलाशीकाकांना दोन शिंगाळे, मला काहीच नाही. दुपारी खलाशीकाकांचा तंगूस लांबच्या खडपात, पाण्यातल्या खडकांत, अडकला. तिथे शिसं आणि गळ तोडून देणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून तांडेल आणि मित्र दोघे त्यांच्या मदतीला गेले. काकी वाडीतल्या विहिरीवर पाणी आणायला गेल्या. मी एकटा राहिलो.

आणि तेव्हाच माझ्या बोटावर ओढ आली. लाटेची नव्हती, खेकड्याची नव्हती. मी तंगूस सोडला, थांबलो, ओढला, परत सोडला. बोटं कापली गेली. मागे मागे सरत मी कोरड्या वाळूपर्यंत आलो आणि तो लाटेबरोबर वर आला. रावस. माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढा, रुपेरी, पर पिवळसर.

मी ओरडलो असेन, पण वारा उलटा होता. माझ्यापुढे तो मासा होता, शेजारी काकींचा कोयता होता, भाकऱ्या गुंडाळून आणलेली केळीची पानं होती. मी जन्मभर जे पाहिलं होतं तेच केलं.

आमच्या पाड्यावर ओहोळात मासा मिळाला की तो तिथेच कापतात आणि वाटे घालतात. आलेल्या प्रत्येकाचा एक वाटा. घरी राहिलेल्या माणसाचा एक. आणि ज्याच्या बांधावरून ओहोळाकडे गेलो, त्याचा एक. कोणी मोठा मासा अख्खा घरी नेला तर त्याच्याबद्दल वर्षभर बोलतात. म्हणून मी केळीची पानं फाडून सात तुकडे केले, वाळूवर ओळीने मांडले आणि रावस कापला. कोयता कालवांचा, माशाला योग्य नव्हताच. वारा होता, वाळू उडत होती. पण वाटे मी नीट सारखे घातले. डोकं एका वाट्यात, पोटाचे तुकडे विभागून, शेपटी एका वाट्यात.

मित्र आधी धावत आला. पानांकडे बघून तो जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. एवढा रावस अख्खा, कल्ल्यात बोट घालून, मुरब्याच्या गल्लीतून न्यायचा असतो. दारादारातून लोक विचारतात, कोणी काढला. त्याने हळूच मला सांगितलं की हा मासा घरी गेला असता तर बाबांना नाही म्हणणं जड गेलं असतं. “आणि तू त्याची भेळ केलीस,” तो म्हणाला.

मी कोयता वाळूत पुसायला लागलो.

तांडेल आणि खलाशीकाका आले. काकी हंडा घेऊन आल्या. सगळे पानांभोवती उभे राहिले. खलाशीकाकांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं.

“आपण पाच हाय,” शेवटी तांडेल म्हणाले. “वाटे सात कसे?”

मी सांगितलं. हे पाच आपले. हा मागे राहिली तिचा, ती ड्युटीवर आहे म्हणून आली नाही, त्यात तिचा काय दोष. आणि हा वाडीवाल्या बाबांचा. त्यांच्या जागेत आपण गाड्या लावल्या, त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलो.

“मंग उचलायचं कसं?”

“आधी इथे नसलेल्यांचे वाटे बाजूला काढायचे,” मी म्हणालो. “मग मोठ्यांनी उचलायचं. ज्याने वाटे घातले तो शेवटी.”

“का?”

“म्हणजे तो सारखे घालतो.”

खलाशीकाकांना आता राहवलं नाही. “ऐका, तांडेल,” ते म्हणाले. “इतकी वर्षं बोटीवर वाटे पण तुमी घातले आणि आधी उचलले पण तुमीच.”

काकी पदर तोंडाला लावून वळल्या. मित्र पाण्याकडे बघायला लागला. तांडेल हसले नाहीत. त्यांनी एक वाटा उचलून काकींकडे दिला, तो मुलीचा. दुसरा वाडीवाल्याचा म्हणून पानात घट्ट गुंडाळून मित्राला दिला आणि आत्ताच देऊन ये म्हणून सांगितलं. मग काकींना उचलायला लावलं, त्यांनी डोक्याचा वाटा घेतला. मग खलाशीकाका. मग त्यांनी स्वतः घेतला. मित्राचा बाजूला काढला. माझ्यासाठी उरली शेपटी आणि तिला चिकटलेला एक लहान तुकडा. तांडेल त्या पानाकडे जरा वेळ बघत राहिले. मग वाकून आपला तंगूस बाटलीला गुंडाळायला लागले.

परतीच्या वाटेवर मी मोटारसायकलवर मित्राच्या मागे बसलो होतो. तो एवढंच म्हणाला की बाबा रागावले की वाकून चालतात आणि आज ते सरळ चालत होते, पण त्याला खात्री नव्हती. मला बोईसरच्या फाट्यावर उतरव, मी बसने खोलीवर जाईन, असं मी सांगितलं. तो ऐकायला तयार नव्हता. आपल्या वाट्याचा मासा टाकून कुठे पळतोस, म्हणाला.

घरी गेल्यावर सगळे वाटे एकाच पातेल्यात गेले. काकींनी रावस सात पाण्यांनी धुतला, पण वाळू मांसात शिरली होती, ती काही निघेना. ती संध्याकाळी कामावरून आली. तिने पातेलं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ताटं मांडायला लागली. चिंचेचं आंबट कालवण, तांदळाची भाकरी, भात. आम्ही सगळे एका ओळीत बसलो. पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली खडा आला. खलाशीकाकांच्याही आला असणार, ते कमालीचे गप्प होते. मित्र भात न चावता गिळत होता. तांडेल मात्र सावकाश जेवत होते, मधूनच थांबून जिभेने वाळू शोधत, बोटाने ताटाच्या कडेला लावत. त्यांच्या ताटाच्या कडेला वाळूची एक छोटी ओळ जमली.

शेवटचा भात कालवून त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

“एक सांगतो ते ऐक,” ते म्हणाले. “लग्नाच्या जेवणाचे मासे कापायला तू हात लावायचा नाय.”

मी हो म्हणालो. मला त्याचा अर्थ कळायला जरा वेळ लागला. तिला आधी कळला. भाताचं भांडं हातात तसंच धरून ती आत निघून गेली. काकींनी विचारलं, कोणाला अजून कालवण पाहिजे का, आणि आम्ही चौघांनीही ताटं पुढे केली.