मशीन चालू असेपर्यंत

आमच्या वहिनीला गल्लीत सगळे टेपवहिनी म्हणतात, कारण मापाची टेप तिच्या गळ्यातून फक्त झोपताना उतरते. जिन्याखालच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवं काही ती शिवत नाही. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल नाहीतर घट्ट करणं, एवढंच. चौतीस वर्षांत गल्लीतल्या झाडून सगळ्यांच्या कमरा तिच्या हाताखालून गेल्या आणि तिने त्या पोटात ठेवल्या. "शेजारच्या बाईंचं वजन वाढलंय ना हो?" असं कोणी खोदून विचारलं तर म्हणते, "कापड आटलं असेल." माझा भाऊ गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तिने दुकान पुन्हा उघडलं. मी म्हटलं, "वहिनी, थोडे दिवस थांब की." म्हणाली, "लोक बिनबटणाचे फिरतायत, वन्सं."

तिच्या हाताला जादू आहे असं गिऱ्हाइकं म्हणायची तेव्हा मी मान डोलवायची. घरच्या माणसाचं कौतुक बाहेरच्यांनी केलं की आपण डोलवतो तशी. खरी वहिनी मला दिसली ती त्या दिवशी, विमानात.

तिची लेक नर्स. दोन विमानं बदलून जावं लागेल इतक्या लांबच्या इस्पितळात ती तीन महिन्यांच्या बोलीवर गेली, तेव्हा तिची जुळी चौदा महिन्यांची होती. जावई जहाजावर. तीन महिन्यांचाच प्रश्न म्हणून मुलं आजीकडे राहिली. मग ती साथ आली, विमानं बंद झाली, आणि तीन महिन्यांचे तेरा झाले. लेकीला तिकडे राहायला खोल्या मिळाल्या, मुलांना न्यायचा परवाना मिळाला, पण इस्पितळ तिला सोडेना. तेव्हा मुलं आपणच पोचवायची असं ठरलं. दोन मुलांना दोन बायका हव्यात म्हणून मीही निघाले.

जुळ्यांपैकी मुलाला आम्ही बुवा म्हणतो. तो तासन्‌तास एका जागी बसून जगाकडे बघतो आणि दिवसाला चार शब्द बोलतो. मुलगी ठिणगी. तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

विमान कंपनीचा कागद आला आणि मी हातपाय गाळले. दोन वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक प्रवाशाने, खाण्यापिण्याची वेळ सोडून, विमानात आणि विमानतळावर सगळा वेळ नाकातोंडावर मास्क लावायचा. एका तिकिटावरच्या सगळ्यांना मिळून दोन सूचना. तिसरी मिळाली की पुढच्या विमानात प्रवेश नाही. आमची मुलं होती सव्वादोन वर्षांची.

"तीन महिन्यांनी माप चुकलं," वहिनी म्हणाली.

"वहिनी, टोपी पाच मिनिटं डोक्यावर ठेवत नाहीत ही मुलं. तेरा तास मास्क? आणि मध्येच अडकवून ठेवलं तर? परवान्याची मुदत आपण पोचल्यावर चार दिवसांत संपतेय."

"तीन आठवडे आहेत की हातात."

जुन्या कापडाचे बारा मास्क तिने शिवले, पण तीन आठवड्यांत एकदाही मुलांना मास्क लावला नाही. पहिले चार दिवस ती स्वतःच लावून बसली. मग तिने मशीनला लावला, आणि मशीनच्या तोंडावर तो इतका बरा दिसला की ठिणगीने तो ओढून काढला आणि स्वतःला लावला. "ए, ते मशीनचंय," वहिनी ओरडली. झालं! आता बुवालाही हवा. ट्रायलला घाबरणाऱ्या पोराच्या मागे कापड घेऊन धावायचं नसतं, ती मला म्हणाली, कापड पुढे ठेवायचं आणि आपण दुसरीकडे बघायचं.

पुढची पायरी तिच्याच डोक्यातली. मशीन चालू असेपर्यंत मास्क वर, मशीन थांबलं की खाली. तिच्या मशीनला मोटर आहे. पायाने दाबलं की घूंऽऽ करत चालतं. आधी एका बाहीइतका वेळ. मग एका पँटीइतका. मग जुन्या चादरी काढून ती त्यांच्या कडा उगाचच शिवत बसली. शेवटच्या आठवड्यात ती सलग तीन तास मशीन चालवायची आणि दोन मुलं पायाशी मास्क लावून रिकाम्या रिळांचे मनोरे रचायची. मोटर थांबली की दोघं मास्क ओढून हवेत फेकायची आणि ओरडायची, "बंद!"

"विमानात कुठलं मशीन आणणार आहेस?" मी खवचटपणे विचारलं.

"विमानालाही मोटर असते, वन्सं," ती म्हणाली.

आणि खरंच. विमानाने घूंऽऽ केलं तशी दोन्ही मुलांनी गुपचूप मास्क वर केले. मी चौघांच्या रांगेत एका टोकाला, वहिनी दुसऱ्या टोकाला, मुलं मध्ये. पुढच्या बाकावर एक माणूस मास्क लाव म्हणून आपल्या पाच वर्षांच्या मुलाच्या हातापाया पडत होता. आमची दोघं पलीकडच्या खिडकीतल्या ढगांकडे बघत बसली होती. मला अभिमानाने गहिवरून आलं, आणि तेवढ्यात एक उंच हवाईसेविका आमच्यापाशी थांबली.

"मुलीचा मास्क नाकाखाली आहे. ही पहिली सूचना."

मी वर केला. तो घसरला. परत केला, परत घसरला. अर्ध्या तासाने बुवाला डुलकी लागली आणि त्याचा मास्क हनुवटीवर येऊन बसला.

"दुसरी सूचना," सेविका म्हणाली. फक्त डोळे दिसत होते तिचे, आणि त्यांत काही वाचता येत नव्हतं. "मला आवडत नाही हे, पण नियम आहे."

ती गेल्यावर वहिनीने बुवाच्या गालापाशी मास्कची कड दोन बोटांत धरली आणि तिचं तोंड पडलं. "वन्सं, मी वाढतं माप घेतलंय."

लहान मुलांचं काहीही दुरुस्त करायचं तर बोटभर वाढतं ठेवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी होतं. इतक्या वर्षांची हाताची सवय. घरी मुलं बसून खेळायची म्हणून सैल कापड कळलं नव्हतं. इथे मान मागे टाकली की घसरायचं. पिशवीतले बाराच्या बारा मास्क पुढच्या वर्षीचे होते.

"पुढच्या वर्षी पण मास्क घालायचेत का गं!" मी कपाळाला हात लावला.

"नाकं धरा," वहिनी म्हणाली.

मी दोन हात लांब करून दोन बोटांनी दोन मुलांचे मास्क नाकांवर दाबून धरले. वहिनीने पदराआड ब्लाउजच्या काठात टोचून ठेवलेली सुई काढली. कात्री तपासणीत काढून घेतली होती. तिने एक जादाचा मास्क घेतला, दोन्ही बाजूंना बारीक चुण्या घातल्या. विमान थरथरत होतं, पेल्यातलं पाणी डुचमळत होतं, आणि तिचे टाके मात्र मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागून एक चालले होते. गाठ मारली आणि दोरा तोडायला सवयीने तोंडाकडे नेला. तोंडावर मास्क!

सेविका तीन बाकांवर होती. वहिनी क्षणभर थांबली. मग तिने पेला उचलला, मास्क खाली केला, पाण्याचा एक घोट घेतला, कट्‌कन दोरा तोडला, मास्क वर केला. खाण्यापिण्याची वेळ सोडून असं कागदावर लिहिलंच होतं. बारा मास्क, प्रत्येकाच्या दोन बाजू. ती चोवीस घोट पाणी प्यायली. शेवटी सेविकेने स्वतःहून बाटली आणून दिली आणि म्हणाली, "आजींना फार तहान लागलेली दिसते." मला हसू आवरेना, पण बोटं नाकांवरून हलवायची सोय नव्हती.

नवे मास्क चेहऱ्यांवर असे बसले की जणू तिथेच उगवले. पुढचे सहा तास सेविका येऊन बघायची आणि निघून जायची. विमान उतरलं, धावलं, जागेवर लागलं. लोक उठले. मी पिशव्या काढल्या. आणि एंजिन थांबलं.

"बंद!" ठिणगी किंचाळली.

"बंद," बुवा म्हणाला.

आणि दोन मास्क हवेत उडाले. एक पुढच्या माणसाच्या डोक्यावर पडला.

सेविका दाराशी उभी होती. रांग सोडून ती सरळ आमच्याकडे यायला लागली. तिचा हात खिशातल्या वहीकडे गेलेला मी पाहिला. मी ठिणगीला मास्क लावायला गेले, तर तिने मान फिरवली. बरोबरच होतं तिचं. मशीन बंद होतं. आम्हीच शिकवलं होतं.

तेवढ्यात मला मशीन ऐकू आलं.

घूंऽऽऽ.

वहिनी दोन बाकांमधल्या बोळात पिशव्या धरून उभी होती, डोळे मुलांवर, आणि उजवा पाय जमिनीवर दाबलेला. तिच्या मास्कमागून आवाज येत होता. हुबेहूब. सुरुवातीला जड, मग भरधाव, आणि जाडसर कापड लागलं की होतो तसा मध्येच घोगरा. चौतीस वर्षं जो आवाज कानात घेतला तो तिने जसाच्या तसा बाहेर काढला.

बुवाने बघितलं. ठिणगीने बघितलं. दोघांनी हात पुढे केले. मी पिशवीतून दोन मास्क काढून दिले आणि त्यांनी ते आपल्या हाताने लावले.

सेविका आमच्यासमोर येऊन थांबली. वही खिशाबाहेर अर्धी आली होती. ती वहिनीकडे बघत राहिली, मग तिच्या पायाकडे, मग मुलांकडे. मागची माणसं खोळंबली होती. तिने वही आत सरकवली आणि मला हळूच विचारलं, "हे असं किती वेळ चालतं?"

"कापड संपेपर्यंत," मी म्हटलं.

ते कापड संपलंच नाही. शिडीवरून उतरताना, बसमध्ये, लांबच लांब बोळातून, वहिनी घूंऽऽ करत चालली होती. श्वास घ्यायला थांबली की मुलांचे हात कानांकडे जायचे, की लगेच पुढची शिवण सुरू. कागद तपासायच्या रांगेत आम्ही तासभर उभे होतो. पुढच्या गृहस्थांनी दोनदा वळून पाहिलं आणि मला विचारलं, "यांची तब्येत बरी आहे ना?"

"शिवतायत," मी म्हटलं.

मध्ये मी म्हटलं, "वहिनी, दे मला थोडा वेळ," आणि मी घूं करायला लागले. ठिणगीने माझ्याकडे वर बघितलं. "आत्याआजीचं मशीन बिघडलंय," ती म्हणाली आणि मास्कला हात घातला. वहिनीने परत पाय दाबला.

घामाने तिची मान भिजली होती. आवाज हळूहळू खरखरीत होत गेला, तेल नसल्यासारखा. ती आता एकसष्टची. इतक्या वर्षांच्या सहवासात मी तिला हसताना, रडताना, भांडताना, भावाच्या उशाशी बसताना पाहिलं आहे. पण एवढ्या मोठ्या काचेच्या इमारतीत, परक्या माणसांच्या गर्दीत, लाज नावाची गोष्ट बाजूला काढून ठेवून उभी असलेली ही बाई मी पहिल्यांदा पाहत होते. मला तिच्याकडे बघायची भीती वाटायला लागली, उंच कड्याखालून वर बघताना वाटते तशी. या बाईला मी कितीदा म्हटलं होतं, जरा जगात वावरायला शीक.

दुसऱ्या विमानाचं एंजिन सुरू झालं तेव्हा तिने पाय सैल सोडला आणि मागे टेकली. काहीतरी सांगायला म्हणून माझ्याकडे वळली. मास्क हलला, आवाज आला नाही. गळा पार बसला होता.

चार तासांनी उतरलो. एंजिन थांबलं, "बंद!" झालं, मास्क उडाले. आता पुढे विमानच नव्हतं. तिसरी सूचना द्यायची तर खुशाल द्या. मला वाटलं, सुटलो.

बाहेरच्या कठड्यापलीकडे माझी भाची उभी होती. इस्पितळाचे कपडे, तोंडावर मास्क, डोळे सुजलेले. तिने दोन्ही नावांनी हाका मारल्या. मुलं जागच्या जागी थिजली. आवाज ओळखीचा होता. ठिणगीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग ती वहिनीच्या पर्सची चेन ओढायला लागली. आईचा आवाज तिथूनच यायचा, फोनमधून. भर दुपारी, तेरा महिने, रोज.

"अगं ती बघ, ती!" मी म्हटलं. वहिनी मास्कमागे ओठ हलवत होती, बोट दाखवत होती, पण तिला शब्द निघत नव्हता. ठिणगीने फोन काढून कानाला लावला आणि समोरच्या बाईकडे संशयाने बघत राहिली. भाचीने तोंडावर हात दाबला. तिला पुढे यायचं होतं आणि पाऊल उचलत नव्हतं. चौदा महिन्यांचं बाळ सोडून गेलेल्या आईला परत भेटीची घाई करायचं धाडस होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग वहिनीने बुवाच्या पाठीला हात लावला आणि त्याला हलकंच पुढे केलं. आणि ती दुसरीकडे बघायला लागली. मुद्दाम, छताच्या दिव्यांकडे. मीही बघितलं.

आम्ही सगळे बाहेर, उघड्यावर, गाड्यांच्या रांगेपाशी आलो. भाची फरसबंदीवर उकिडवी बसली आणि तिने मास्क काढला. ठिणगीने फोन कानावरून खाली घेतला. बुवा भाचीसमोर जाऊन उभा राहिला. त्याने तिचा चेहरा पाहिला. तो त्याला ठाऊक होता. मग मान, खांदे, हात. फोनच्या चौकटीत कधीच न मावलेलं ते सगळं तो सावकाश बघत खाली आला. वाकला. तिच्या बुटावर बोट टेकवून पाहिलं.

"आईला पाय आहेत," तो आम्हाला म्हणाला.